तरंगती फळी आणि स्वदेशीची कसोटी

पाण्यात बुडालेला एक पंख, त्यावर उभा दांडा, दांड्यावर फळी आणि फळीच्या पोटात बॅटरी. विजेवर चालणाऱ्या हायड्रोफॉइल फळीची रचना सांगायला एवढी सोपी आहे. वेग ताशी १५ ते २० किलोमीटरच्या घरात गेला की पंखावर निर्माण होणारा जोर स्वाराचे वजन पेलतो. फळी पाण्यापासून सुटते आणि स्वार जणू हवेतून सरकू लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने हातभर रुंदीचा पंखही हे काम करू शकतो. तत्त्व जुनेच आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या चमूने बांधलेल्या हायड्रोफॉइल नौकेने १९१९ मध्येच ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला होता.

नवे आहे ते हे की, अशी फळी आता घरच्या कार्यशाळेत तयार होऊ शकते. थ्री-डी प्रिंटरवर पंखाचा साचा आणि मोटरचे आवरण छापता येते, त्यावर काचतंतू वा कार्बनतंतूचे कापड इपॉक्सीत भिजवून चढवता येते. नुसता छापलेला भाग थराथरांत सुटण्याची भीती असते. बळ येते ते तंतूंच्या वेष्टणाने. परदेशी बनावटीच्या तयार फळीला कित्येक लाख रुपये पडतात. स्वतः बांधणाऱ्याला तीच वस्तू त्याहून पुष्कळ कमी खर्चात मिळते आणि वर विद्याही मिळते.

विद्या खरोखरच मिळते का, हाच या विषयातील कळीचा प्रश्न आहे. कारण अशा फळीतील मोटर, तिचा वेगनियंत्रक आणि लिथियम-आयन घट बहुधा चीनहून आलेले असतात. आपल्या हाताने झालेली असते ती बव्हंशी जोडणी. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा-चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतातील मोठमोठे वाहन उत्पादकही चिंतेत पडले. ज्या मोटरचे चुंबक परक्याच्या मर्जीवर अवलंबून असते, त्या मोटरवर धावणारी गाडी वा फळी कितपत आपली म्हणायची?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांबाहेर जाण्याचेही कारण नाही. शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या शिवरायांनी पुढे कल्याण-भिवंडीच्या परिसरात आरमाराची उभारणी आरंभली, तेव्हा जहाजबांधणीसाठी पोर्तुगीज कारागिरांना कामावर घेतले. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी फितवताच ते कारागीर काम टाकून निघून गेले. आरमार मात्र थांबले नाही; एतद्देशीय हातांनी ते पुढे नेले. परक्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. परका निघून गेल्यावर काम बंद पडावे, यात मात्र आहे.

आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचे सुपुत्र बाबू गेनू यांनी १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या मोटारीपुढे स्वतःचा देह झोकून दिला. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांच्या बलिदानाचा अर्थ केवळ ‘विदेशी नको’ एवढाच घेतला तर तो अपुरा ठरतो. विदेशी कापड नाकारणाऱ्याच्या मागे चरखा आणि माग उभा असावा लागतो. नकाराला निर्मितीची जोड नसेल तर बहिष्कार ही चार दिवसांची घोषणा ठरते.

अशा निर्मितीचे आधुनिक उदाहरण नारायणगावजवळ खोडद येथे उभे आहे. तेथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. जाडजूड धातूच्या तबकड्या बांधणे भारताला परवडणारे नव्हते. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या दोरांवर बारीक पोलादी तारांची जाळी बसवण्याची युक्ती काढली. वारा जाळीतून निघून जातो, वजन घटते आणि खर्चही आवाक्यात येतो. द्रव्य कमी होते, तेथे विचार कामी आला. घरी फळी बांधणाऱ्या तरुणाने गिरवावा असा धडा हाच आहे.

‘हा तर धनिकांचा छंद’ असा आक्षेप येईल, आणि तो निराधार नाही. परंतु पाण्यात टिकणारे मोटरचे आवरण, ओलावा न शिरणारी बॅटरीची पेटी आणि हलका पण दणकट पंखा ही विद्या फळीपुरती राहत नाही. डिंभ्याच्या पाण्यात ज्यांची शेते गेली, ते महादेव कोळी बांधव त्याच जलाशयात मासेमारी करतात. त्यांच्या संथ होडीला हायड्रोफॉइलचा पंख उपयोगाचा नाही. पण बिनधुराची छोटी विद्युत मोटर निश्चितच उपयोगाची आहे. छंदातून आलेले कौशल्य तेथवर पोहोचले, तरच त्याला समाजकार्याचे मोल येईल.

धाडसाला शिस्तीचीही जोड हवी. लिथियम घटात पाणी शिरले वा त्याची जोडणी चुकली तर आग भडकते. पंखाची कड आणि फिरता पंखा शरीराला गंभीर इजा करू शकतात. तारेने मनगटाशी बांधलेली, स्वार पडताच मोटर थांबवणारी कळ, शिरस्त्राण व जीवरक्षक जाकीट यांवाचून कोणी पाण्यात उतरू नये. धरणाचे पाणी पिण्याचे आणि शेतीचे आहे. तेथे जलसंपदा विभागाच्या परवानगीविना प्रयोग करणे हा पराक्रम नव्हे.

भारतीय मजदूर संघाने विश्वकर्मा जयंती हाच राष्ट्रीय श्रमदिन मानला, त्यामागे हाताच्या कामाला प्रतिष्ठा देण्याचा विचार आहे. मध्यमवर्गीय घरांत ही प्रतिष्ठा अजून पुरती रुजलेली नाही. मुलाने संगणकापुढे बसावे, पण हाताला राळ लागू नये, असे अनेक पालकांना वाटते. नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील शाळा-महाविद्यालयांत एखादी खोली, एक प्रिंटर आणि एखादा निवृत्त कारागीर एवढे जमले तरी आरंभ होईल. आज जोडणी, उद्या नियंत्रकाची आखणी, परवा मोटरची गुंडाळी आणि पुढे स्वदेशी घट, अशा पायऱ्या चढाव्या लागतील. पहिल्याच पायरीवर बसून ‘आम्ही बनवले’ म्हणणे ही आत्मवंचना आहे. त्या पायरीला नाक मुरडणे हीदेखील तितकीच मोठी चूक ठरेल.