गाठ आणि हेलपाटे

विदर्भातल्या खेड्यातली बाई स्तनातली गाठ उशिरा दाखवते, कारण ती अडाणी आणि लाजाळू, असं नागपुरात सर्रास बोललं जातं. लाज असते, हे मान्य. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून काम थांबत नाही आणि दाखवणं लांबतं, हेही खरं. पण सगळं लाजेवरच अडलं असतं, तर मुंबईचा अनुभव वेगळा आला असता. तिथल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून गरीब वस्त्यांतल्या दीड लाखांवर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी हातानेच तपासणी झाली, तीही खास शिकवून तयार केलेल्या बायकांकडून. २०२१ साली निष्कर्ष आले : या गटात स्तनाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्याने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. (सर्व वयांचा एकत्रित फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम नव्हता, हेही सांगायला हवं.)

खरी अडचण गाठ हाताला लागल्यानंतर सुरू होते. सोनोग्राफीची एक फेरी, बायोप्सीची दुसरी, रिपोर्टची तिसरी. पुढे केमो साधारण दर एकवीस दिवसांनी, आणि रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, सलग तीन ते पाच आठवडे. गडचिरोलीतल्या दूरच्या एटापल्लीच्या बाईने हे कसं निभवावं? आपण जनजागृतीच्या गुलाबी फिती लावतो त्या ऑक्टोबरात तर विदर्भात सोयाबीनची कापणी ऐन भरात असते, कापसाची पहिली वेचणी तोंडावर आलेली असते. वेचणीची मजुरी किलोवर. गेला दिवस गेलाच.

यावर उत्तर ठरलेलं : नागपुरात तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जामठ्याची नवी कॅन्सर संस्था आहे, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत उपचार मोफत, एसटीत बायकांना अर्धं तिकीट. या सोयी मोलाच्या आहेतच, पण योजना भरती झालेल्या रोग्याचा खर्च उचलते. निदान होईपर्यंतचे हेलपाटे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी घरच्यांच्याच माथी. म्हणून तपासणी, सोनोग्राफी आणि बायोप्सी जिल्हा रुग्णालयात एकाच दिवशी व्हावी, रिपोर्टचा पाठपुरावा आशाताईंनी करावा आणि त्यासाठी त्यांना मोबदला मिळावा, बाईला बुडाल्या दिवसाचे पैसे मिळावेत. इतका पैसा कुठून आणायचा, असं विचारणाऱ्यांनी आठवून पाहावं : दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी जननी सुरक्षा योजना २००५ पासून पैसे देते, क्षयरोग्याच्या खात्यात २०१८ पासून पोषणाची रक्कम जमा होते.