विश्लेषण: दिसायला सारखे, पण एक स्थानिक आणि एक पाहुणा! कॅनरी बेटांवरचा ‘चिफचाफ’ ओळखायचा कसा?

पक्ष्याचा फोटो काढायचा, अ‍ॅपला दाखवायचा आणि आलेलं नाव लिहून पोस्ट करायचं. मोर किंवा खंड्याच्या बाबतीत हे चालून जातं. वटवट्यांच्या (वॉर्ब्लर) बाबतीत मात्र अडचण होते. त्यातही तो वटवट्या कॅनरी बेटांवरचा असेल तर नाव चुकण्याची शक्यता बरीच वाढते, आणि तिथे नाव चुकणं ही किरकोळ गोष्ट नाही.

ही बेटं स्पेनची, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहेत. अक्षांश साधारण २८ अंश उत्तर, म्हणजे जवळपास आपल्या दिल्लीइतकाच. हवा वर्षभर सौम्य असते. त्यामुळे युरोपातल्या थंडीला कंटाळलेले पर्यटक जसे इथे येतात, तसे पक्षीही येतात.

गोंधळ नेमका कुठे होतो?

चिफचाफ हा चिमणीहून लहान, मळकट हिरवा-तपकिरी वटवट्या. वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम. युरोपातला ‘कॉमन चिफचाफ’ साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत बेटांवर मुक्कामाला असतो. टेनेरिफ, ग्रान कॅनारिया, ला पाल्मा, ला गोमेरा आणि एल हिएरो या बेटांवर मात्र ‘कॅनरी आयलंड्स चिफचाफ’ बारा महिने राहतो. जगात तो दुसरीकडे कुठेही नाही. पूर्वी हे दोन्ही एकाच प्रजातीचे मानले जात. आवाज आणि डीएनएच्या अभ्यासानंतर १९९०च्या दशकात त्यांना वेगळं मानायला सुरुवात झाली.

म्हणजे डिसेंबरात टेनेरिफमधल्या एखाद्या बागेत एकाच झाडावर हे दोघेही किडे टिपत असू शकतात.

मग ओळखायचं कसं?

रंगापासून सुरुवात करू नका. स्थानिक पक्षी जरा जास्त तपकिरी आणि पोटाकडून पिवळट-बदामी असतो हे खरं, पण सकाळचं ऊन आणि मोबाइलचा कॅमेरा कुठल्याही पक्ष्याला कुठलाही रंग देऊ शकतात. आधी पंख बघा. पक्षी पंख मिटून बसला की पंखाचं टोक आतल्या पिसांच्या पुढे किती येतं? पाहुण्याला हजारो किलोमीटर उडायचं असतं, म्हणून त्याचा पंख लांब आणि टोकदार. बेटावरच्याला कुठे जायचंच नाही! त्याचा पंख आखूड आणि गोलसर असतो, टोक जेमतेम बाहेर येतं. याउलट त्याचे पाय आणि चोच तुलनेने लांब असतात. फोटो बाजूने काढलेला असेल तर एवढं दिसतं. समोरून काढलेल्या फोटोत पंखाचं टोक दिसतच नाही.

याहून भरवशाचा आहे आवाज. युरोपातल्या चिफचाफचं नावच त्याच्या गाण्यावरून पडलंय: ‘चिफ-चाफ, चिफ-चाफ’, घड्याळाच्या ठोक्यासारखं एका लयीत. कॅनरीचा पक्षी ही लय पाळत नाही. त्याचं गाणं जलद, जोरकस आणि उसळून आल्यासारखं. शिवाय तो हिवाळ्यातच गायला लागतो, तर पाहुणा त्या काळात सहसा गात नाही. (आणखी एक जवळचा नातेवाईक, विलो वॉर्ब्लर, स्थलांतरात इथून जातो. त्याचे पंख आणखी लांब आणि पाय सहसा फिकट असतात.)

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं?

याचं उत्तर पूर्वेकडच्या लांझारोटे बेटावर आहे. तिथे कॅनरी चिफचाफची एक वेगळी उपप्रजाती होती, नाव ‘एक्सुल’. १९८६ नंतर ती असल्याचा पुरावा नाही, बहुधा ती नामशेष झाली आहे. पण लांझारोटेवर आजही दर हिवाळ्यात चिफचाफ दिसतात. ते पाहुणे असतात! पाहुण्याला घरचा समजून नोंदी होत राहिल्या तर कागदावर सगळं आलबेल दिसतं. आमच्या मते हाच या गोंधळातला खरा धोका आहे. घरमालक गेला तरी पाहुण्यांच्या वर्दळीमुळे घर भरलेलं वाटतं.

उरलेल्या बेटांवर स्थानिक चिफचाफ सध्या सहज दिसतो, त्यामुळे घाबरून जाण्यासारखं काही नाही. पण २०२१ मध्ये ला पाल्मावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला, २०२३ मध्ये टेनेरिफच्या जंगलात मोठा वणवा लागला. अशा वेळी पाहुण्याला पर्याय असतात, बेटावरच्याला नसतात. त्यामुळे अशा संकटानंतर त्याचीच संख्या वेगळी कळायला हवी.

ही पद्धत आपल्याकडेही चालते. आपला राखी वटवट्या बारमाही, आखूड पंखांचा आणि लांब शेपटीचा. हिवाळ्यात झुडपात लपून ‘टक-टक’ करणारा ब्लिथ्स रीड वॉर्ब्लर मात्र परदेशातून आलेला.

अ‍ॅप वापरू नका असं अजिबात नाही. ई-बर्डसारख्या मंचावर नोंद करताना ठिकाण आणि तारीख अचूक टाका, वीस-तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग जोडा. आणि पंखही नीट दिसला नाही, गाणंही ऐकू आलं नाही, तर एका प्रजातीचं नाव ठोकून देऊ नका, नुसतं ‘चिफचाफ’ लिहा. अशी मोघम नोंदही तिथे चालते.