ओसरीवरचा लिलाव

एकत्र कुटुंबात भांडणास विषय लागतोच असे नाही; तथापि विषय सापडला, तर ते भांडण अधिक सुव्यवस्थित होते. आमच्या घरास असा एक विषय २०२४ सालच्या श्रावणात सापडला, आणि तो अद्यापि संपलेला नाही. पुणेरी पलटण या कबड्डीच्या संघाने कोणता गडी ठेवावा, कोणता सोडावा व लिलावात कोणावर बोली लावावी, हा तो विषय होय. संघ पुण्याचा, लिलाव मुंबईस, आणि त्यावर रात्री दहा वाजेपर्यंत कंठशोष करणार माणदेशातील आमची ओसरी! या ओसरीवरून आजवर कोणाही खेळाडूची किंमत एका पैने वाढली किंवा उतरली नाही. परंतु त्यामुळे कोणाचा उत्साह कमी झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

ज्या वाचकांनी हा खेळ हुतूतू या नावानेच ओळखला, व काठीने ओढलेल्या रेघांच्या आत गुडघे फोडून घेतले, त्यांच्यासाठी थोडी फोड करणे अवश्य आहे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. सांप्रत तीत बारा संघ आहेत. अलीकडच्या लिलावांत प्रत्येक संघाने सारी खरेदी ५ कोटी रुपयांच्या मर्यादेत करावी, आणि संघात किमान १८ व कमाल २५ खेळाडू असावेत, असा नियम राहिला आहे. जुन्यांपैकी काहींस संघ आपल्याजवळ ठेवू शकतो. ज्यांना सोडले ते लिलावात उभे राहतात. तेथे खेळाडूंच्या चार प्रती असून त्यांच्या बोली ३०, २०, १३ व ९ लाखांपासून सुरू होतात. सोडलेला गडी दुसऱ्याने घेतला, तरी अखेरच्या बोलीइतकी रक्कम मोजून त्यास परत घेण्याची सवड जुन्या संघास काही मर्यादेपर्यंत असते. थोडक्यात, हा खेळ मैदानावर सुरू होण्यापूर्वी हिशेबाच्या वहीत सुरू होतो.

'लिलाव' हा शब्द आरंभी आमच्या कानास खटकला. आमच्या वडील माणसांनी लिलाव पाहिला तो जप्त झालेल्या तांब्यापितळेचा. माणसावर बोली लावणे आम्हांस प्रशस्त वाटेना, व तसे आम्ही बोलून दाखविले. तेव्हा आमचा धाकटा पुतण्या म्हणाला, "काका, चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई शेतकऱ्याचा मुलगा. २०१८ साली यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. त्याच्या घरच्यांना विचारा हा शब्द खटकतो का ते." यावर आम्ही पानाचा डबा पुढे ओढला. ज्या खेळाने आमच्या पिढीस खरचटलेले ढोपर आणि फार तर एक पेला दिला, त्याने खेडोपाडीच्या मुलांस उपजीविका दिली, हे नाकबूल करण्यात अर्थ नव्हता.

आता मूळ वादाकडे वळू. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझाऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारत व इराण यांचा अंतिम सामना झाला आणि भारताने तो ३३-२९ असा जिंकला. हा सामना ७ तारखेचा. ९ तारखेस मुंबईत लिलाव सुरू झाला, आणि त्याच इराणच्या संघातील मोहम्मदरेझा शादलुई याला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांस घेतले. त्याच दिवशी भारताचा कर्णधार पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजारांस तेलुगू टायटन्सकडे गेला. शादलुई पुण्याकडून खेळला; त्या मोसमात पकडीचे सर्वाधिक गुण त्याने मिळविले; आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असे हरवून पलटणने पहिल्यांदाच विजेतेपद पटकावले. कर्णधार होता नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. त्या रात्री आमच्या घरात निजानीज होण्यास एक वाजला.

आणि पाचच महिन्यांनी पलटणने शादलुईस सोडले! १५ ऑगस्टच्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांस घेतले. पुण्याने परत घेण्याची सवड वापरली नाही. येथून आमच्या घराचे दोन तट पडले.

थोरला पुतण्या पुण्यास नोकरीस असल्याने पलटण ही आपलीच मालमत्ता समजतो. त्याचे म्हणणे असे की, ज्याने पाटावर बसविले त्यालाच पंक्तीतून उठविणे ही कृतघ्नता होय. "काका, डाव्या कोपऱ्यात असा माणूस उभा असला की चढाई करणाऱ्याचा पाय आपोआप आखडतो. जो गुण मिळालाच नाही, तो कोणत्या वहीत मांडणार?" धाकट्याचे म्हणणे, "दादा, त्या पैशांत चार पोरं उभी राहतात. एकावर एवढं ओतलं आणि त्याचा गुडघा दुखावला, तर वर्ष गेलं." आमच्या सूनबाई घरखर्चाची वही लिहितात. त्यांनी आतून सांगितले, "मामंजी, पाच कोटींत दोन कोटी पस्तीस लाख म्हणजे रुपयातले सत्तेचाळीस पैसे. एकाच पानावर निम्मं तूप वाढलं, तर पंगतीला काय वाढायचं?" त्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पण तोच पाहुणा पंगतीची शोभा असला तर?" सासूसुनांचे मतैक्य नाही, इतकेच काय ते त्या दिवशी निर्विवाद ठरले.

पुढे काय घडले ते वाचक जाणतातच. २०२४ च्या मोसमात अस्लम दुखापतीने मध्येच बाहेर पडला. पलटण पहिल्या सहांतही आली नाही. २९ डिसेंबर रोजी पुण्यातच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, हरियाणाने पाटणा पायरेट्सचा ३२-२३ असा पराभव करून विजेतेपद घेतले, आणि शादलुई त्यांच्यात होता. थोरला पुतण्या दोन दिवस विजयी मुद्रेने फिरत होता. आपला संघ हरल्याचा त्याला जणू विसरच पडला होता. परंतु ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, शादलुईवाचून, पलटण पुन्हा अंतिम सामन्यास पोचली व दिल्लीकडून केवळ तीन गुणांनी, ३१-२८, हरली. आता धाकटा छाती काढून चालू लागला. अशा रीतीने दोघांचेही म्हणणे सिद्ध झाले, आणि वाद होता तेथेच राहिला.

आम्हांस या वादात महाभारतातील उद्योगपर्व आठवते. अर्जुन व दुर्योधन एकाच दिवशी द्वारकेस गेले. एका बाजूस नारायणी सेना, दुसऱ्या बाजूस निःशस्त्र व न लढणारा श्रीकृष्ण. निवडीचा पहिला मान वयाने लहान म्हणून अर्जुनास. त्याने कृष्णास मागितले, आणि उरलेली सेना पदरी पडली म्हणून दुर्योधन हर्षभरित झाला. दुर्योधनास आम्ही शाळेत मूर्ख म्हणून शिकवीत आलो. परंतु शेवट माहीत नसलेल्या एखाद्या हिशेबी माणसास विचारावे, की न लढणारा एक घ्यावा की लढणारी सेना? ओसरीवरील बहुमत खास सेनेच्या बाजूने पडेल. निकाल लागल्यावर शहाणपण सांगणे सोपे. निवडणाऱ्यास मात्र निकालाच्या अलीकडे उभे राहून निवडावे लागते.

वाद येथवर आला असता, इतका वेळ खांबास टेकून बसलेला आमचा दहा वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, ज्याच्यावर कोणीच बोली लावत नाही, त्याचं काय होतं?"

थोरला म्हणाला, "काही नाही. घरी जातो." आणि वाद पुन्हा सुरू झाला. आम्ही मात्र त्यात नव्हतो.

आम्ही मास्तर असताना एके वर्षी तालुक्याच्या सामन्यांसाठी शाळेचा संघ निवडण्याचे काम आमच्याकडे आले. जावयाचे बारा जण. अकरा नावे ठरली. बाराव्या जागेस दोन मुले होती. एक, गावात ज्यांच्या शब्दास वजन होते अशा गृहस्थांचा मुलगा, अंगाने भरलेला. दुसरा मेंढपाळाचा, रोज दोन कोस चालत येणारा, काटकुळा. पण त्याने घोट्यास मिठी घातली की सुटका नसे. आम्ही पहिल्यास घेतले. दुसऱ्याची अंगलोट कमी पडते, असे आम्ही मनाशी म्हणालो. आणि ते खरे कारण नव्हे, हे आम्हांस तेव्हाही ठाऊक होते. त्या मुलास आम्ही काहीच सांगितले नाही. यादी फळ्यावर लावली, इतकेच. रंगभूमीवर कर्णास कूळ विचारले गेले, म्हणून पोरांपुढे हळहळून धडा शिकविणारे ते आम्हीच!

संघ पहिल्याच सामन्यात हरला. तो मुलगा असता तर जिंकला असता, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही. वीसएक वर्षांनी म्हसवडास सिद्धनाथाच्या रथाच्या जत्रेत तो भेटला. वाकून नमस्कार केला, चहा पाजला, मुलाबाळांचे सांगितले. निघताना हसत म्हणाला, "गुरुजी, न्हाई घेतलं त्याचं काय न्हाई. माझं काय चुकलं हुतं, येवढंच तवा सांगाय पायजे हुतं." आम्हांस उत्तर सुचले नाही. त्याचे काही चुकलेच नव्हते, हे त्या गर्दीत सांगण्याचे धैर्यही झाले नाही. ते आज येथे लिहीत आहोत.

लिलावाच्या यादीत नाव येण्याआधी कोणीतरी त्या मुलास पाहिलेले असावे लागते. नवोदित तरुणांस लिलावाबाहेरून घेण्याची तरतूद या लीगमध्ये आहे, आणि पुण्याच्या संघाने युवा पलटण म्हणून पोरे घडविण्याची व्यवस्था चालविली आहे. धाकट्याच्या म्हणण्यात जो जीव आहे तो येथे. आमच्याच माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली. ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी, १९८४ च्या पी. टी. उषानंतरची ती पहिली भारतीय स्त्री. या दुष्काळी मुलखात किती पोरेपोरी धावत शाळेत जातात, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. आम्ही तीस वर्षे त्यांच्यात वावरलो, आणि आम्हीही ठेवली नाही.

वाचकहो, आपल्या एकत्र कुटुंबांतही असे लिलाव होत असतात. कोणत्या मुलास पुण्यास शिकण्यास पाठवावे, कोणी शेत पाहावे, कोणाची फी यंदा भरावी व कोणाची थांबवावी, हे वडील मंडळी ठरवितात. पैसा बेताचा असला की निवड करावीच लागते. त्यात पाप नाही. परंतु ज्याला निवडले त्याला पेढे मिळतात, आणि ज्याला निवडले नाही त्याला घरातील मौन मिळते. कारण योग्य असेल, तर ते समोर बसवून सांगता येते. सांगण्याची लाज वाटली, तर ते कारण एकदा पुन्हा तपासून पाहावे.

असो. पुढच्या लिलावाची यादी थोरल्याने आतापासून करण्यास घेतली आहे. नातवाने त्याच्या वहीचे मागचे पान मागून घेतले. त्यावर त्याने आपल्या वर्गातील जी मुले शाळेच्या संघात आली नाहीत त्यांची नावे लिहिली आहेत. त्यांत सहावे नाव त्याचे स्वतःचे आहे. हे आम्हांस ते पान पाहीपर्यंत कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. रविवारपासून ही सहा मुले सकाळी आमच्या मागच्या अंगणात येतात. रेघा आम्ही ओढतो. धाकटा पुतण्या सुट्टीस आला की पकड शिकवितो. थोरला ओट्यावर बसून, कोणास डाव्या कोपऱ्यात उभे करावे याविषयी आपले मत मोठ्याने देत असतो.