मांजराला लंघन नको, माप हवं

जाड मांजराबद्दल आपल्याकडे दोन मतं चालतात. एक कौतुकाचं: "काय गुटगुटीत झालाय बोका! खात्यापित्या घरचा दिसतो." दुसरं उपायाचं: "दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप उतरेल." पहिलं मत मांजराला वर्षानुवर्षं आजाराकडे ढकलतं, दुसरं चार-आठ दिवसांत त्याचा जीव घेऊ शकतं. बहुतेक घरांत ही दोन्ही मतं एकाच तोंडून ऐकू येतात. डॉक्टरांनी वजन सांगेपर्यंत पहिलं, सांगितल्यावर दुसरं. आमच्याही घरात हेच झालं, म्हणून दोन्हींचं खंडन करायचा मला हक्क आहे असं मी समजते.

कौतुकाचं मूळ कळण्यासारखं आहे. ज्या घरांत शिंकं टांगलेलं असे, तिथलं मांजर उंदरांवर आणि उरल्यासुरल्या भाकरीवर जगायचं. अंग धरलेलं मांजर म्हणजे शिकार जमणारं, पोटात जंत नसलेलं, निरोगी मांजर. त्या काळी हा हिशेब बरोबर होता. आज तेच मांजर चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतं. खिडक्यांना जाळी आहे, उंदीर त्याने जन्मात पाहिलेला नाही आणि कोरड्या खाद्याची वाटी दिवसभर भरलेली आहे. दिवस पालटले, कौतुकाचे शब्द मात्र तेच राहिले.

आमचा गुंड्या सहा वर्षांचा असताना 6 किलो 400 ग्रॅम भरला. हाडापेराने त्याचं योग्य वजन साडेचार किलो, असं डॉक्टर म्हणाले. दोनेक किलोंचं काय एवढं, असं आम्हाला वाटलं. पण 70 किलोचा माणूस 100 किलोचा व्हावा, तेवढं हे प्रमाण आहे. त्याच्या कमरेवर, शेपटीच्या जरा वर, केसांचे गुंते झाले होते आणि खाली कोंडा साचला होता. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. खरं कारण हे होतं की त्याची जीभ तिथवर पोहोचतच नव्हती. मांजर जागेपणीचा मोठा वेळ स्वतःला चाटूनपुसून साफ करण्यात घालवतं. ज्याला स्वतःची पाठ साफ करता येत नाही, त्याला सुदृढ कसं म्हणायचं? लठ्ठ मांजरांना मधुमेहाचा धोका योग्य वजनाच्या मांजरांच्या साधारण चौपट असतो. सांधे झिजतात, लंगडणं सुरू होतं, भूल देताना जोखीम वाढते. मांजर दुखणं लपवतं. उडी मारणं सोडून देतं आणि आपण म्हणतो, वय झालं.

म्हणून नजरेवर विश्वास ठेवू नका, हाताने तपासा. बरगड्यांवरून बोटं फिरवा. आपल्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवताना जशी हाडं लागतात, तशा त्या लागायला हव्यात. दाबल्याशिवाय लागत नसतील तर चरबी जास्त आहे. वरून पाहिलं तर बरगड्यांमागे कंबर दिसली पाहिजे. चालताना पोटाखाली लोंबणारी सैल कातडी मात्र बारीक मांजरालाही असते, तिला लठ्ठपणा समजू नका.

आता दुसरं मत, लंघनाचं. आपल्या समाजात उपवासाला मान आहे. एकादशी आहे, चतुर्थी आहे, पोट बिघडलं की एक वेळ न जेवणं हा घरगुती उपाय आहे. माणसाच्या शरीराला ते सोसतं. मांजराच्या शरीराची घडण निराळी आहे. अन्न बंद झालं की अंगावरची साठलेली चरबी सुटते आणि रक्तावाटे यकृतात येते. एवढ्या चरबीचा निचरा करणं मांजराच्या यकृताला जमत नाही. त्यासाठी लागणारी प्रथिनं अन्नातून यायची, आणि अन्न तर बंद. यकृताच्या पेशी चरबीने भरत जातात आणि यकृत काम सोडू लागतं. वैद्यकीय भाषेत याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. हे दोन-तीन दिवसांच्या उपासातही सुरू होऊ शकतं, आणि मांजर जितकं जाड तितका धोका जास्त. कानाची आतली बाजू, हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. मग मांजराची भूकच मरते, समोर ठेवलेलं अन्नही ते हुंगून सोडतं. त्या अवस्थेत नळीने अन्न घालून कित्येक आठवडे त्याला जगवावं लागतं, आणि उपचार झाले नाहीत तर ते बहुतेक वाचत नाही. ज्या चरबीपायी आपण त्याला उपाशी ठेवतो, तीच चरबी उपासात त्याच्यावर उलटते.

"भूक लागली की झक मारत खाईल," हे त्याचंच धाकटं भावंड. कुत्र्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. मांजर नावडतं खाद्य समोर असताना उपाशी बसून राहतं. गुंड्याचं खाद्य बदललं तेव्हा मी हेच वाक्य बोलले होते. त्याने सकाळचं सोडलं, रात्रीचं सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "आधी जुनं खाद्य ताबडतोब द्या, बाकीचं नंतर बोलू." त्या दिवसापासून आमच्या घरात नियम आहे: पूर्ण दिवस काही खाल्लं नाही की डॉक्टरांना फोन, वाट बघायची नाही. खाद्य बदलायचं तर जुन्यात थोडं थोडं मिसळत, आठ-दहा दिवसांत.

तिसरं मत सोज्वळ वाटतं: "मटण-मासळीने जाड झालं, आता दूध-पोळी नाही तर दहीभात घाला, हलकं होईल." मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरीन नावाचा घटक त्याला प्राण्यांच्या मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 1987 साली दाखवून दिलं, आणि त्यानंतर तयार खाद्यांतलं टॉरीनचं प्रमाण वाढवण्यात आलं. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही. शिवाय ते हलकं कुठे आहे? बशीभर, म्हणजे 30 मिलिलिटर म्हशीच्या दुधात 30 कॅलरीच्या आसपास असतात. रस्सा घालणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात.

चौथं मत नसबंदीला दोष देतं. त्यात निम्मं सत्य आहे. नसबंदीनंतर शरीराची गरज साधारण पाव हिश्श्याने घटते आणि भूक वाढते. पण यावरून शस्त्रक्रिया टाळावी हा निष्कर्ष निघत नाही. टाके पडल्याच्या दिवसापासून वाटीतलं खाद्य कमी करावं, एवढाच निघतो. खेळवून वजन उतरेल, ही आशाही फोल आहे. पंधरा मिनिटं दोरीमागे पळवल्याने स्नायू टिकतात, कंटाळा जातो, म्हणून जरूर खेळवा. पण वजन ठरतं ते वाटीत.

इतकं खंडन झालं. मग करायचं काय?

आधी डॉक्टरांकडे न्या. फुगलेलं पोट म्हणजे चरबीच असेल असं नाही, पाणी असू शकतं, जंत असू शकतात, मांजरी गाभण असू शकते. लठ्ठपणाच आहे असं ठरलं की योग्य वजनावरून रोजच्या कॅलरी काढतात. गुंड्याच्या साडेचार किलोंच्या लक्ष्याला रोज 170 ते 175 कॅलरी आल्या. आमच्या खाद्यात 100 ग्रॅमला 380 कॅलरी होत्या, म्हणजे दिवसाला 45 ग्रॅम. आम्ही देत होतो दोन वाट्या. काट्यावर ठेवल्या तर 120 ग्रॅम भरल्या. सासूबाईंची संध्याकाळची दुधाची बशी वेगळी, आणि ती एकटीच त्याच्या दिवसाच्या गरजेचा सहावा हिस्सा खात होती.

नुसतं नेहमीचं खाद्य निम्म्यावर आणलं तर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मी होतात. म्हणून वजन उतरवण्यासाठीचं, प्रथिनं जास्त असलेलं खाद्य डॉक्टरांना विचारून निवडावं. ओल्या खाद्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, तेवढ्याच कॅलरीत पोट भरल्यासारखं वाटतं. आणि वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. पाच ग्रॅमची चूक आपल्याला चिमूटभर वाटते, पण 45 ग्रॅममध्ये ती नववा हिस्सा आहे.

वेगाचाही नियम आहे. आठवड्याला वजनाच्या साधारण एक टक्का, फार तर दोन. 6 किलो 400 ग्रॅमच्या बोक्याला आठवड्याला 64 ग्रॅम. दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहा. फार झपाट्याने उतरत असेल तर आनंद मानू नका, खाद्य वाढवा. आम्हाला अकरा महिने लागले.

आमच्या घरात सगळ्यात उपयोगी पडला तो एक छोटा स्टीलचा डबा. सकाळी त्यात दिवसाचं 45 ग्रॅम भरायचं. कुणीही द्या, केव्हाही द्या, पण डब्यातून. डबा रिकामा, दिवस संपला. सासूबाई आधी म्हणाल्या, "मुक्या जनावराला मोजून घालायचं, हे बरं नव्हे गं." मी त्यांना म्हटलं, "आई, बशी तुमच्याच हातची राहू दे, फक्त आत डब्यातले दाणे टाका." संध्याकाळी सहाला तो त्यांच्याच पायाशी येऊन बसायचा. दुधाची आठवण त्याने आठवडाभर काढली, बशीची आणि त्या हाताची ओढ कायम राहिली. शेवटचा घास निजायच्या वेळी दिला की पहाटेचं ओरडणंही कमी झालं. मांजर निसर्गात दिवसभरात अनेक छोट्या शिकारी खातं, त्यामुळे चार-पाच वेळा थोडं थोडं मिळणं हीच त्याची रीत आहे.

मोजून घालणं निर्दयपणाचं आहे, या आक्षेपाला माझं उत्तर हेच. निर्दयपणा उपासात आहे आणि भरलेल्या वाटीतही आहे, कारण दोन्हींत मांजराच्या शरीराकडे कुणी बघत नाही. खर्चाचा आक्षेप खरा आहे, पथ्याचं खाद्य महाग पडतं. पण ते मोजून लागतं, आणि मधुमेह झालेल्या मांजराला बहुधा दिवसातून दोनदा इन्शुलिन टोचावं लागतं. ते आणखी महाग, आणि सुई त्याला टोचायची.

आठव्या महिन्यात एका दुपारी गुंड्या खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता. मान मागे वळवून त्याने कमरेवरचा तो भाग चाटायला घेतला, जिथले गुंते आम्ही कात्रीने कापत होतो. बराच वेळ चाटत होता. सासूबाई म्हणाल्या, "पोहोचला बघ." आम्ही दोघी काम टाकून बघत राहिलो. त्या दिवशीही डब्यात 45 ग्रॅमच होते.