व्याज, लाभांश आणि घरची पुंजी

कोल्हापुरांत सहकारी बँकेचा किंवा पतसंस्थेचा एखादा तरी भाग ज्याच्या घरीं नाहीं, असा गृहस्थ विरळा. त्यामुळें ‘लाभांश’ हा शब्द आमच्या मुलांच्या कानांस परका नाहीं. परंतु त्याचा अर्थ थोरांसही नीट उमगला आहे, असें म्हणवत नाहीं. आतां भ्रमणध्वनीवर बोट ठेवतांच मोठमोठ्या कंपन्यांचे भाग विकत घेतां येतात. तेव्हां या विषयाचा येथें विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

बँकेंत ठेव ठेवणारा किंवा सरकारी रोखे घेणारा हा धनको होय. ठरलेलें व्याज मागण्याचा त्यास हक्क असतो. कंपनीचा भाग घेणारा हा त्या धंद्याचा अंशतः मालक. नफा झाला व तो वाटण्याचें ठरलें, तरच त्याच्या हातीं कांहीं पडतें. म्हणून लाभांशास व्याजासारखें खात्रीचें उत्पन्न समजूं नये.

दुसरा घोटाळा टक्क्यांचा. ‘५० टक्के लाभांश’ हे शब्द वाचून पुष्कळांचे डोळे दिपतात. परंतु हे टक्के भागाच्या दर्शनी किंमतीवर असतात. दर्शनी किंमत १० रुपये व बाजारभाव ४०० रुपये असेल, तर ४०० रुपये घालणाऱ्यास मिळतात अवघे ५ रुपये, म्हणजे सव्वा टक्का! सहकारी संस्थेचा भाग दर्शनी किंमतीसच मिळतो, म्हणून तेथील १० टक्के हे खरोखरीचे १० टक्के असतात. आणि १९६० च्या कायद्यान्वयें निबंधकाच्या परवानगीवांचून १५ टक्क्यांहून अधिक लाभांश देतां येत नाहीं. सातवीच्या मुलास येणारें हें गणित घरोघरीं मांडलें जावें.

इतिहासही कांहीं शिकवितो. अमेरिकेंतील यादवीमुळें विलायतेस तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हां मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशावर नवनव्या कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करूं म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीच्या भागांवर तर लोकांच्या उड्या पडल्या. धंद्यांत नफा किती, हें कोणी विचारीना. उद्यां भाव किती चढेल, एवढेंच सारे विचारीत. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि अनेक घरें धुळीस मिळालीं. आमच्या नगरांत शाहू महाराजांनीं १९०६ सालीं कापडाची गिरणी उभारली. तिनें कित्येक कुटुंबें पोसलीं. परंतु आज ती बंद आहे. सद्धेतूनें निघालेला धंदाही थांबतो. म्हणून सारी पुंजी एकाच ठिकाणीं घालूं नये.

मग भाग घ्यावेच कशाला? ठेवीचें व्याज मुदतभर जेवढ्याचें तेवढेंच राहतें, आणि तांदूळ-तेलाचे भाव मात्र चढत जातात. चांगल्या कंपनीचा लाभांश धंद्याबरोबर वाढूं शकतो, हा त्याचा मोठा गुण. माझ्या मतें, मुलांच्या फीचा व दुखण्याबाणण्याचा पैसा बँकेंतच असावा. दूरच्या गरजेसाठीं, त्या मुदतीस जुळणारे सरकारी रोखे घ्यावे. २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनें सामान्य माणसासही ते थेट घेण्याची सोय केली आहे. उरल्यांतून थोडथोडे, निरनिराळ्या धंद्यांचे भाग घ्यावे, आणि कमावत्या वयांत आलेला लाभांश न खर्चितां पुन्हां गुंतवावा.

आणि जो कोणी ‘दरमहा ठरीव दहा टक्के देतों’ म्हणून दारीं येईल, त्यास एकच प्रश्न विचारावा : हा पैसा कोणत्या धंद्याच्या नफ्यांतून येणार? उत्तर देतां आलें नाहीं, तर समजावें कीं, तो मागाहून फसणाऱ्यांच्या मुद्दलांतून येणार आहे. मुलांनो, घरीं असा कोणी आला, तर वडिलांस या प्रश्नाची आठवण अवश्य द्या. त्यांत उद्धटपणा नाहीं. घराची काळजी आहे.