मोकळी जागा म्हणजे मैदान नव्हे

प्रवासात काय पाहावे, कोठे उतरावे आणि काय खावे, याविषयी आपल्या भाषांतून विपुल लेखन झाले आहे. प्रवासात कोठे खेळावे, हा प्रश्न मात्र अलीकडचा आहे. सुटीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात पूर्वी फार तर पत्त्यांचा जोड असे. आता अमेरिकेत वा युरोपात राहून आलेल्या तरुणांच्या पिशवीतून पाच-सात रंगीत चकत्या निघतात आणि गाव आले की त्यांचा पहिला प्रश्न येतो : येथे डिस्क गोल्फचे मैदान कोठे आहे? या प्रश्नाचे जे उत्तर सध्या सर्वत्र दिले जाते ते आम्हांस सर्वथा चुकीचे वाटते, म्हणून हा लेखप्रपंच.

खेळाविषयी थोडके सांगून पुढे जाऊ. दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम वजनाची चकती ठराविक जागेवरून फेकावयाची, ती जेथे पडेल तेथून पुन्हा फेकावयाची, आणि शक्य तितक्या कमी फेकींत खांबावर बसविलेल्या साखळ्यांच्या टोपलीत पोहोचवावयाची. गोल्फप्रमाणे बहुधा अठरा टप्पे असतात. एड हेड्रिक या गृहस्थाने १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमचे मैदान आखले. तेथे आरंभी नुसते खांबच होते, टोपल्या मागाहून आल्या. आज जगात अशी पंधरा हजारांहून अधिक मैदाने आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेत. बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्क नाही. गोल्फच्या अठरा टप्प्यांस शंभर-दीडशे एकर जमीन, कापलेले गवत आणि बारमाही पाणी लागते. या खेळास त्याच्या काही अंशानेच जमीन पुरते. झाडे तोडावी लागत नाहीत, उलट झाड हाच त्यातला अडथळा आणि तीच त्यातली गंमत. (सुदर्शनचक्राचा दाखला देऊन हा खेळ मूळचा आमचाच, असे सिद्ध करू पाहणारे विद्वान लवकरच पुढे येतील. त्यांना आमचा आगाऊ नमस्कार.) असा हा गरिबांस परवडणारा खेळ आहे, आणि नेमके याच कारणास्तव तो श्रीमंतांच्या सवयींनी खेळला जाऊ नये, असे आमचे म्हणणे आहे.

प्रवासी खेळाडू मैदान कसे निवडतो? यूडिस्कसारख्या नकाशावर तो ठिपके पाहतो, ठिपक्यांपुढे इतर प्रवाशांनी दिलेल्या चांदण्या मोजतो, साडेचारांहून कमी चांदण्या असल्या तर गाडी पुढे हाकतो. या पद्धतीने केलेल्या प्रवासात माणूस अनेक देश हिंडतो आणि एकाच प्रकारच्या जागी पुनःपुन्हा उतरतो, कारण चांदण्या देणारे त्याच्याचसारखे असतात. त्यांना सावली हवी, स्वच्छतागृह हवे, दिशादर्शक पाट्या हव्यात. या अपेक्षा गैर नव्हेत. परंतु सायंकाळी पाचनंतर त्या मैदानावर गावची मुले येतात की नाही, याला चांदणी नाही. जमीन कोणाची होती व कशी मिळाली, याला तर नाहीच. जत्रेत कोणता फड गाठावयाचा हे आमचे जुने मल्ल परगावी जाताना ठरवीत, तेव्हा तेही निवडच करीत. पण तेथे कोण वस्ताद आहे, कोणाशी जोड लागेल, नारळ कोणाच्या हातचा, या त्यांच्या पृच्छा माणसांविषयी असत. मातीस गुण देण्याची त्यांना गरज भासली नाही.

नकाशावर ठिपकाच नसेल तर काय करावे? येथे दुसरा, अधिक घातक पंथ सुरू होतो. हे लोक म्हणतात, टोपली नसली म्हणून काय झाले, झाडच टोपली मानू; जेथे मोकळी जागा तेथे मैदान! ऐकावयास हे मोठे उदार वाटते. याची परीक्षा घ्यावयाची तर आदिलाबादेस जावे.

नागपूर-हैदराबाद या हमरस्त्यावर नागपुराहून सुमारे दोनशे किलोमीटरवर, पैनगंगा ओलांडल्यावर हा जिल्हा लागतो. हैदराबाद संस्थानात असताना किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्याकडे आले. २०१६ साली तेलंगणाने उरलेल्या जिल्ह्याचे चार भाग केले. आजही जैनद, बेला, तामसी या बाजूंस मराठी घरोघर बोलली जाते. काळी जमीन, कापूस, सागाचे जंगल, टेकड्या, धबधबे. नावाजलेल्या मैदानांच्या कोणत्याही यादीत आदिलाबादचे नाव नाही, आणि मोटारीच्या खिडकीतून पाहणाऱ्यास मात्र ‘मोकळी’ जागा डोळ्यांत मावणार नाही इतकी दिसते.

ती मोकळी आहे काय? केस्लापूरचे उदाहरण घ्या. इंद्रवेल्लीजवळच्या या गावी पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळीचे गोंड अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि परतल्यावर तेथील वडांखाली उतरतात. वर्षातील इतर दिवशी येणाऱ्या प्रवाशास तेथे काय दिसते? भलेमोठे पटांगण, विस्तीर्ण वड, माणूस कोणी नाही. चकती फेकावयास याहून उत्तम जागा ती कोणती! पण ते वड म्हणजे एका कुळीचा उतारा आहे. आपल्या देवळाच्या दीपमाळेवर कोणी चकत्या मारू लागला तर आपण त्यास खेळाडू म्हणणार नाही.

इंद्रवेल्लीसच दुसरे एक मोकळे पटांगण आहे. जमिनीवरील हक्कांची मागणी घेऊन जमलेल्या गोंडांवर २० एप्रिल १९८१ रोजी तेथे पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोकांच्या तोंडी असलेला आकडा त्याहून कितीतरी मोठा. आज तेथे स्मारकस्तंभ उभा आहे. ज्या भूमीत ‘जल, जंगल, जमीन’ या तीन शब्दांसाठी कोमरम भीम १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात मारला गेला, त्या भूमीत ‘ही जागा मोकळीच तर आहे’ हे वाक्य निरागस राहत नाही. राखीव जंगलाच्या सीमा आखणाऱ्या निजामी अंमलदारांनाही ती जागा मोकळीच दिसली होती. पेरणी सोडून दिलेले शेत त्यांनी पडीक मानले. ते विश्रांती घेत असलेले शेत होते, हे त्यांस कोणी सांगितले नाही, किंवा सांगितले ते त्यांनी ऐकले नाही.

उरले जंगल. २०१२ साली कवाल हे व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले. कडम नदीवरील कुंतला धबधब्याच्या वाटेवर गर्द झाडी पाहून एखाद्याचा हात शिवशिवेल. चकतीगोल्फ निसर्गास निरुपद्रवी आहे असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात, ते गोल्फच्या तुलनेत खरे आहे, स्वतंत्रपणे खरे नाही. चकत्यांच्या सततच्या आघातांनी झाडांच्या साली सोलवटतात, एकाच वाटेवरून शेकडो पावले गेली की माती घट्ट होते, उतारावर मुळे उघडी पडतात. जुन्या परदेशी मैदानांवर हे डोळ्यांनी दिसते. मोहाच्या झाडास अशी जखम करून वर पुन्हा निसर्गप्रेमावर व्याख्यान देणे, यास आम्ही शुद्ध दांभिकपणा म्हणतो.

आमच्या कोंकणी वाचकांस हे वेगळे समजावून सांगावयास नको. गोव्याच्या अगदी उत्तरेस, नदीपलीकडे वसलेल्या तेरेखोल गावात गोल्फच्या मैदानाचा बेत निघाला तेव्हा काजूच्या बागा कसणाऱ्या कुळांना हाच अनुभव आला, आणि २०१५ साली तेथील तंटा हातघाईवर येऊन ठेपला. प्रवाशाने कोठे खेळावे हे ठरविताना गावकऱ्याने कोठे राबावे याचा निकाल परस्पर लागत होता. आमच्या खेळात टोपलीस तीन हात जागा पुरते, म्हणून हा प्रश्न आम्हांस लागू नाही, असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की कुंपणेही पहिल्या खांबापासूनच सुरू होतात.

तर मग निवड कशी करावी? या बाबतीत आदिलाबादकडून आपण शिकावे असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रवासात कोठे खेळावे याचे शास्त्र तेथे फार पूर्वीपासून सिद्ध आहे. दिवाळीच्या सुमारास तेथील राजगोंडांच्या दंडाऱ्या निघतात. अंगाला राख फासलेले, मोरपिसांचे थोरले शिरोभूषण घातलेले गुसाडी, त्यांच्यासवे नाचणारे तरुण आणि वाजविणारे, असा मेळा आपले गाव सोडून दुसऱ्या गावी जातो. मार्लवाईच्या कनक राजू यांना या नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, म्हणून शहरांस त्याची वार्ता लागली इतकेच. २०२४ साली ते निवर्तले. आमच्या मुद्द्याचे ते नृत्य नसून त्याचा रिवाज आहे. दंडार वाटेल त्या मोकळ्या माळावर उतरत नाही. ती कोणाच्या तरी गावी, कोणाची तरी पाहुणी म्हणून जाते. यजमान गाव तिला सामोरे येते, तिची उठबस करते, रात्रभर तिच्यासोबत जागते. नाच होतो तो यजमानांच्या अंगणात आणि यजमानांच्या समक्ष. पुढे त्यातून सोयरिकीही जुळतात. मग ते गाव यांच्याकडे येते. खेळाची जागा म्हणजे ज्यांनी या म्हटले त्यांची जागा, ही व्याख्या इतकी सोपी आहे की चांदण्या मोजणाऱ्यांस ती सुचणे कठीण.

यावर आक्षेप येईल की, दंडार हा देवाधर्माचा विधी, आमचा घटकाभराचा विरंगुळा. हैदराबादेस रात्री पोहोचावयाचे असता आम्ही कोणाचे आमंत्रण आणावे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सोपे आहे. शाळेत जावे. चकतीगोल्फची सर्वांत जुनी जी हकीकत सांगितली जाते ती कोण्या उद्यानाची नव्हे, शाळेची आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ या खेड्याच्या शाळेतील मुले १९२६ च्या सुमारास डब्यांची पत्र्याची झाकणे जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत फेकून खेळत. टोपल्या नाहीत, साखळ्या नाहीत, चांदण्या नाहीत. आदिलाबादच्या कोणत्याही खेड्यातील मुलास हा खेळ दोन मिनिटांत कळेल. विटीदांडू, ज्याला तेलंगणात चिर्रगोने आणि गोव्यात कोयंडोबाल म्हणतात, त्यात फेकलेल्या विटीमागे धावून जेथे पडली तेथून पुढचे गणित मांडण्याची सवय त्याला आहेच.

म्हणून आदिलाबादेवरून जाणाऱ्या खेळाडूस आमचे सांगणे असे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात जावे. मे महिन्यात तेथे पारा पंचेचाळिसाकडे धावतो, आणि हिवाळ्यात बेल्याकडील पहाट इतकी गार असते की बोटांतून चकती सुटत नाही, तेव्हा उन्हे वर आल्यावर खेळावे. हमरस्त्यालगतच्या गावातील जिल्हा परिषदेची शाळा गाठावी, सुटीची घंटा होईतो थांबावे, मुख्याध्यापकांस विचारावे. नाही म्हणाले तर पुढील गाव. त्यात अपमान मानू नये. हो म्हणाले तर जुन्या टोपल्या, बादल्या, सायकलचे टायर जे मिळेल ते मांडावे आणि टप्पे कोठे ठेवावयाचे हे मुलांस ठरवू द्यावे, कारण पाण्याचा हौद कोणता, कोणाची म्हैस कोठे बांधतात आणि कोणत्या भिंतीस चेंडू लागला की ओरडा बसतो, हे त्यांना ठाऊक असते आणि तुम्हांस नसते. शहरात मुक्काम असेल तर सार्वजनिक क्रीडांगण आहेच. तेथेही सकाळी धावणाऱ्यांचा हक्क पहिला.

चकत्या मागे ठेवून याव्यात काय, याविषयी आमच्या मंडळींत मतभेद आहेत. काहींच्या मते ते दातृत्वाचे प्रदर्शन होते. आम्हांस यात प्रदर्शन दिसत नाही. दोन चकत्या गावात राहिल्या तर शाळेस दुसऱ्या दिवशी खेळता येईल, आणि न राहिल्या तर येणार नाही, इतका हा साधा व्यवहार आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र आमच्यात दुमत नाही. खेळून झाल्यावर त्या शाळेचे नाव उत्साहाच्या भरात नकाशावर चढवू नये. ठिपका पडला की चांदण्या येतात, चांदण्यांमागून मोटारी येतात, आणि मग सुटीची घंटा होण्यापूर्वीच फाटकाशी पिशव्या घेतलेली माणसे उभी राहतात. शाळेला आणि ग्रामपंचायतीला तो ठिपका हवासा वाटला तर तो तेथे कोठे व कधी टाकावयाचा, हे त्यांचे ते ठरवतील.