कायदा समान, मग कर्ज का अडले?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या लाभांच्या कायद्यावर विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी लेखन स्पर्धा होतात. 1988 च्या कायद्याआधी तिथे सैनिकाचा दावा सरकारी खात्याने फेटाळला, तर सहसा न्यायालयात दादच मागता येत नसे. त्यामुळे या विषयावर अजून खूप लिहायचे बाकी आहे. प्रश्न हा, की लिहायचे कुणाच्या बाजूने?

1944 च्या जीआय बिलात वर्णभेदाचे एकही कलम नव्हते. पण कर्ज देणे होते स्थानिक गोऱ्या बँकांच्या हाती. 1947 मध्ये मिसिसिपीतील 13 शहरांच्या पाहणीत सरकारी हमीची 3,229 कर्जे आढळली. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना किती? फक्त 2! कायदा समान आणि अंमलबजावणी विषम, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मित्रांनो, महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये सरकारपुढे लेखी अर्जच मांडला होता. तो वारसा आपला आहे. कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी अशा स्पर्धांत नुसते कलमांचे कौतुक लिहू नये. लाभ कोणत्या टेबलावर, कुणाच्या सहीसाठी अडला, ते पुराव्यासह लिहावे.

जय भीम!